सिरिंज उजेडात धरणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण नारळाएवढा उजवा गुडघा घेऊन आलेला एसटीचा कंडक्टर तुम्हाला नक्की आठवेल.

दोन वर्षं गुडघा सुजत होता. मार नाही, ताप नाही. पाणी काढलं की पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. एका ठिकाणी तर तुकडा न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. चार महिने लघवी केशरी व्हायची, जेवण जायचं नाही, गुडघा मात्र होता तसाच.

तुम्ही पाणी काढलंत आणि सिरिंज खिडकीच्या उजेडात धरलीत. कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी. "मार लागला नाही, मग रक्त आलं कुठून?" तुम्ही स्वतःशीच म्हणालात. आधीही पाणी निघालं होतं, पण हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

एमआरआय झाल्यावर केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून तुम्ही समजावलंत. सांध्याचं अस्तर शेवाळासारखं वाढतं, त्याच्या तुऱ्यांतून रक्त झिरपतं, रक्तातलं लोह तिथंच साचतं. म्हणून पाणी तपकिरी आणि फिल्मवर काळे डाग. पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस हे १९४१ सालचं नाव, हल्ली टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर म्हणतात. 'ट्यूमर' ऐकून आई रडायला लागली, तेव्हा तुम्ही बाकावर तिच्याशेजारी बसलात. "मावशी, हा कॅन्सर नाही. पण सोडून दिला तर हाड पोखरतो."

मोठ्या सरांनी पुढचं अस्तर दुर्बिणीतून काढलं. गुडघ्यामागे मोठी रक्तवाहिनी आणि नस असते, म्हणून तिथं चिरा द्यावा लागला. तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी तुमची ड्युटी संपली होती, तरी तुम्ही वॉर्डात येऊन सांगितलंत. आणि हेही सांगितलंत की माझा प्रकार सांधाभर पसरलेला, तो परत येऊ शकतो. त्या खरेपणाबद्दल मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे. म्हणूनच पाय दुखत नसतानाही तपासणी चुकवत नाही.

परवा घरी मांडी घालून जेवलो. आई ताट वाढायचं सोडून माझ्या गुडघ्याकडेच बघत राहिली. तिने तुमच्यासाठी घरच्या शेंगदाण्यांचे लाडू केलेत. पुढच्या एमआरआयला येताना घेऊन येतो, नाही म्हणू नका.

आपला कृतज्ञ,
खाट क्रमांक १४