शिमगा कागदावर उतरवून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिमग्यातल्या मानपानाच्या वादांवरची आपली बातमी वाचली. मी संगमेश्वर तालुक्यातला गुरव. पालखीत रूपं, म्हणजे देवांचे मुखवटे, लावण्याचं काम आमच्या घराकडे पिढीजात आहे, म्हणून एक सुचवतो.

जपानमध्ये १२व्या शतकात गो-शिराकावा या सम्राटाने दरबारातले वर्षभराचे विधी लांबलचक गुंडाळपटांवर रंगवून घेतले होते. सुमारे ६० पट. चित्रकार म्हणून तोकिवा मित्सुनागाचं नाव घेतात. उजवीकडून डावीकडे हातभर उलगडत बघायचे. मुलाने त्यातले काही मला मोबाइलवर दाखवले. राजाची स्वारी आहेच, पण कोंबड्यांची झुंज बघायला जमलेली माणसंही तितक्याच जीव लावून काढलीत.

मला फार भावली ती त्यांची तपासणी. फुजिवारा नो मोतोफुसा हा विधींचा जाणकार. त्याला पट दाखवले, तेव्हा जिथे चूक दिसली तिथे त्याने स्वतः लिहून चिठ्ठी डकवली. सम्राटाने चित्रं बदलली नाहीत. त्या जाणत्याच्या हातच्या चिठ्ठ्यांसकट पट भांडारात ठेवले, असं १३व्या शतकातल्या एका कथासंग्रहात आहे. पुढे मूळ पट आगीत गेले. त्याआधी १७व्या शतकात सुमियोशी जोकेई याने नकला केल्या होत्या. त्यातले १६ पट आज आहेत, म्हणून तर आपल्याला बघायला मिळतात.

आपल्याकडे पालखी नाचू लागली की शंभर मोबाइल वर होतात. पण आदल्या रात्री देवळात रूपं कुठल्या क्रमाने बसतात, गाठ कशी मारतात, वस्त्र कुठल्या घरचं, पालखी बसते त्या सहाणेवर पहिला नारळ कुणाचा, हे कुणी टिपत नाही. जाणती माणसं एकेक करून जाताहेत, आणि वाद नेमके तिथेच उभे राहतात.

देवस्थान समित्यांनी तालुक्यातले चित्रकला शिक्षक आणि होतकरू मुलं बोलवावीत. होळी उभी करण्यापासून पालखी देवळात परतेपर्यंत सगळं काढून घ्यावं, खेळे, संकासूर, ढोलवाले आणि ओटी भरायला थांबलेल्या बायकांसकट. मग ते मानकऱ्यांपुढे मांडावं. ज्याचं म्हणणं वेगळं, त्याची चिठ्ठी नावानिशी चित्रावरच डकवावी, खोडाखोड नको. आणि एक नक्कल गावाबाहेर ठेवावी.

आमच्या देवळात कुणी चित्र काढायला येणार असेल, तर रूपं लागतात त्या रात्री यावं. मी शेजारी बसून सगळं सांगेन.

आपला,
एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी