बाबांच्या कानाने आखलेला प्रवास

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावरही पाठवता आलं असतं. पण माणसाच्या आवडीभोवती प्रवास आखून देण्याचं काम कुणीतरी इतक्या मनापासून करतं, हे आणखी चार जणांना कळावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्या आई-बाबांना मे महिन्यात मिरजेपासून गोव्यापर्यंत जो प्रवास तुम्ही घडवलात, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत आणि ते एका ओळीत मानता येत नाहीत.

बाबा रेल्वे डाक सेवेत सॉर्टर होते. रात्रीच्या गाडीला जोडलेल्या डाकडब्यात उभं राहून त्यांनी वर्षानुवर्षं पत्रं लावली. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी ही नावं त्यांना पिशव्यांवरच्या लेबलांमुळे पाठ. गावं मात्र कधी पाहिली नाहीत. घरी असले की गाणं. आधी रेडिओ, मग कॅसेट, आता मोबाइल. स्वतः गात नाहीत, गुणगुणतही नाहीत. ते फक्त ऐकतात. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचा शिवमत भैरव राग लागला असेल तर त्यांना हाक मारायची नाही, हा आमच्या घरचा लहानपणापासूनचा नियम आहे.

“ज्यांना ऐकलं त्यांची गावं एकदा बघायचीत,” असं ते निवृत्त झाल्यापासून म्हणत होते. एका प्रवासी कंपनीत चौकशी केली, तर अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा आणि पुढे गोव्याचे समुद्रकिनारे असा कार्यक्रम हातात पडला. त्यात वाईट काही नव्हतं, पण बाबांचं असंही काही नव्हतं.

तुमच्याशी पहिल्यांदा फोनवर बोलले तेव्हा तुम्ही कुठे जायचं आहे, किती दिवस, बजेट काय, यातलं काहीच आधी विचारलं नाहीत. “बाबा सकाळी काय ऐकतात?” असं विचारलंत आणि फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितलंत. पुढचा पाऊण तास ते बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलं आहे. मग तुम्ही विचारलंत, “आणि आईंना काय आवडतं?” बाबा म्हणाले, “ती येते माझ्याबरोबर.” तुम्ही म्हणालात, “तसं नाही, त्यांना स्वतःला काय आवडतं?” आईने फोन घेतला आणि भरतकामाबद्दल बोलायला लागली. गुडघे, साखर, दुपारची झोप, जेवणाच्या वेळा हे सगळं तुम्ही नंतर विचारलंत, पण तेही तितक्याच बारकाईने.

आठवडाभराने आराखडा आला. गावं नकाशावरच्या अंतराने लावलेली नव्हती, गुरू-शिष्यांच्या ओळीने लावलेली होती. किराणा घराण्याची एक ओळ: मिरजेत अब्दुल करीम खाँ, कुंदगोळला त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल. जयपूर-अत्रौली घराण्याची दुसरी: कोल्हापूरला अल्लादिया खाँ, धारवाडला त्यांच्या मुलांकडे शिकलेले मन्सूर, गोव्यात केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. या एवढ्याशा पट्ट्यात इतकं गाणं का रुजलं, तेही तुम्ही सोबत लिहून पाठवलं होतंत. कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी, कुरुंदवाड, जमखंडी अशी लहान-मोठी संस्थानं शेजारी शेजारी, त्यामुळे गवयांना आश्रय मिळाला. पुणे-मिरज-हुबळी रेल्वे झाल्यावर नाटक कंपन्या तिच्यावरून फिरू लागल्या आणि त्यांच्याबरोबर गाणंही फिरलं. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “म्हणजे आमचीच लाइन.”

मिरजेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमचं कसब मला सर्वांत जास्त तिथे दिसलं. सतारमेकर गल्लीत कुणीही जाऊ शकतं, दुकानं उघडीच असतात. तुम्ही मात्र एका कारागिरांशी आधी बोलून वेळ ठरवलीत. शुक्रवारची, नमाजाची दुपार टाळलीत. त्यांचा अर्धा दिवस मोडणार म्हणून त्याचा मोबदला आधीच ठरवून आम्हाला कळवलात. “त्यांचा वेळ म्हणजे त्यांची मजुरी आहे. ते नको म्हणतील, तरी द्या,” असं तुम्ही बाबांना सांगितलंत. फोटो विचारून काढायचे आणि कुणालाही वाजवून दाखवायचा आग्रह करायचा नाही, हेही.

तिथे बाबांनी पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेले, महिनोन् महिने वाळवलेले भोपळे माळ्यावर टांगलेले पाहिले. भोपळा भिजवून आतून खरवडतात, त्याला लाकडाची दांडी बसते, हे त्यांना वाचून माहीत होतं. पण तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी कशी लावतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तारेखालचा तो पृष्ठभाग कारागीर कानशीने केसभर घासतात, तार चढवतात, छेडतात, उतरवतात, पुन्हा घासतात. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमक्या जागी आणला की आवाज एकदम उघडतो. इतकी वर्षं प्रत्येक मैफलीच्या मागे जे ऐकलं, ते एका कानशीत आणि एका दोऱ्यात असतं, हे बाबांनी डोळ्यांनी पाहिलं. या शिकलगार घराण्यांचे पूर्वज तलवारी-भाल्यांना धार लावायचे. हत्यारांची मागणी संपली तेव्हा फरीदसाहेबांनी हात वाद्यांकडे वळवला, ही हकिकत त्यांना कारागिरांच्याच तोंडून ऐकायला मिळाली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही ते अभिमानाने सांगत होते.

तिथून जवळच मीरासाहेबांचा दर्गा. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये दक्षिणेत, चेन्नईजवळच्या एका रेल्वे स्टेशनवर वारले, पण त्यांना विसावा मिळाला तो मिरजेच्या या दर्ग्याच्या आवारात. बाबा कबरीपाशी बराच वेळ उभे होते. तुम्ही त्या दिवसाला पुढे काहीही जोडलं नव्हतं, म्हणून त्यांना तसं उभं राहता आलं. एक जागा कमी केल्याने काय मिळतं हे ज्याला कळतं, तोच असा आराखडा करू शकतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

सांगलीत आपण फक्त चहाला थांबायचं, असं तुम्ही लिहिलं होतंत आणि कारणही दिलं होतंत. औषधोपचारासाठी सांगलीत आलेल्या अल्लादिया खाँनी नाटक कंपनीत काम केलेल्या एका मुलीचा रियाज ऐकला आणि आपण होऊन तिला शिकवायला घेतलं. ती मुलगी म्हणजे मोगूबाई. हे वाचून प्यायलेल्या त्या चहाबद्दल बाबा अजून सांगतात.

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन पहाटे ठेवलंत, कारण अल्लादिया खाँचे चिरंजीव भुर्जी खाँ या देवळात गायनसेवा करायचे. आईचं दर्शन झालं, बाबांना त्यांची जागा मिळाली, आणि दोघांना एकाच ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टींचा आनंद झाला. तिथून धारवाडला निघायची वेळ तुम्ही इतकी लवकरची का धरलीत, ते गाडीत बसल्यावर कळलं. तुम्ही प्रत्येक टप्प्यासाठी ध्वनिमुद्रणांची यादी दिली होतीत, त्या त्या प्रहराला धरून. पहाटे मन्सूरांचा शिवमत भैरव आणि त्याच दिवशी धारवाडला मन्सूरांचं ‘मृत्युंजय’ हे घर. त्या घराबद्दल बाबा मला काही सांगत नाहीत, आणि मीही खोदून विचारलेलं नाही.

धारवाडचा दुसरा दिवस सगळा आईचा होता. तुम्ही तिची गाठ कसुती करणाऱ्या बायकांशी घालून दिलीत. कसुतीत गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके. गवंती कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कुठेही गाठ मारायची नाही, धागे मोजत जायचं. छापून घेतलेलं नक्षीकाम नाही, सगळं डोक्यात. आई त्यांच्यात सतरंजीवर बसली. त्यांना मराठी बेताचंच, हिला कानडी येत नाही, पण काळ्या इरकली लुगड्यावरचं तुळशीवृंदावन आणि गोपूर दोघींना बोटांनी समजत होतं. बाबा त्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसले आणि वाट पाहत राहिले. आजवरच्या आमच्या कुठल्याच प्रवासात आईसाठी कुणी थांबलेलं नव्हतं. यासाठी तुम्हाला वेगळा नमस्कार.

हुबळीहून कुंदगोळला मोटारीने जाता आलं असतं. तुम्ही पॅसेंजर गाडी सुचवलीत, कारण गंगूबाई हुबळीहून सवाई गंधर्वांकडे शिकायला रेल्वेनेच जायच्या. घर, मुलं सांभाळून, जाऊन-येऊन. बाबांना गाडीचं कौतुक सांगायला नको. पण डाकडब्यात न बसता, खिडकीपाशी बसून, दिवसाउजेडी त्या लाइनवरून ते पहिल्यांदाच गेले.

आता कुर्डी, मोगूबाईंचं गाव. मे महिन्यात एवढ्या उन्हात वयस्कर माणसांना न्यायचं का, यावर आपलं बरंच बोलणं झालं होतं. तुम्ही दोन्ही बाजू स्वच्छ मांडल्या होत्या. मिरजेच्या दर्ग्यातला संगीत महोत्सव हवा असेल तर उरुसाच्या वेळी जावं लागेल, तो चांद्र महिन्याने येतो आणि दर वर्षी तारीख मागे सरकते. कुर्डी हवी असेल तर मे, कारण साळावली धरणाचं पाणी उतरतं तेव्हाच गाव वर येतं आणि पावसाला सुरुवात झाली की पुन्हा बुडतं. “एका प्रवासात दोन्ही होणार नाही. कुठलं आधी, ते बाबांना ठरवू द्या.” बाबांनी कुर्डी म्हटलं. मग तुम्ही उन्हाचा विचार करून बाहेरचं सगळं सकाळी नऊच्या आत बसवलंत, दुपारी झोप ठेवलीत आणि मध्ये एक दिवस कोरा सोडलात.

हुबळीहून दूधसागरच्या घाटातून उतरून सावर्डे-कुडचडे स्टेशनला पोचायचं, तिथून सांगे तालुक्यात. धरणाजवळ कुर्डीचं महादेवाचं प्राचीन देऊळ आहे, बुडण्याआधी दगडन् दगड सुटा करून तिथे नव्याने उभं केलेलं. ते आधी दाखवायला तुम्ही सांगितलं होतंत. मग गावात. गाव म्हणजे घरांची जोती, विहिरी, वाळक्या झाडांचे बुंधे, भेगाळलेला चिखल आणि सोमेश्वराचं छोटं देऊळ. उत्सवाच्या निमित्ताने आलेली, या गावातून उठून गेलेली माणसं आपापली जोती मुलांना दाखवत होती. बाबांनी त्यांच्यापैकी एका आजोबांना मोगूबाईंचं नाव सांगितलं. आजोबा त्यांना हाताला धरून चालवत घेऊन गेले. मन्सूरांचं, केसरबाईंचं घर आज उभं तरी आहे, हिचं गावच पाण्यात, एवढंच बाबा परत येताना म्हणाले.

शेवटचं गाव केरी, केसरबाईंचं. केसरबाईंच्या नावाची शाळा तिथे आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई वारल्या १६ सप्टेंबरला. बाबांना हे ठाऊक होतं, पण शाळेच्या फाटकापाशी उभं राहून त्यांनी ते आईला पहिल्यांदा सांगितलं. यादीतली शेवटची नोंद तीच भैरवी होती. भैरवीने मैफल संपते, म्हणून तुम्ही केरी शेवटी ठेवलीत, हे बाबांनी न सांगता ओळखलं आणि फार खूश झाले.

पैशाचंही बोलते, कारण लोक मला तेच विचारतात. तुम्ही आखणीची फी वेगळी आणि उघड घेता, हॉटेलांकडून काही घेत नाही. “नुसत्या सल्ल्याचे एवढे पैसे?” असं माझ्या नात्यातल्या एकांनी विचारलं. मी त्यांना तुमची यादी दाखवली: कारागिरांना केलेले फोन, कुंदगोळच्या गाडीच्या वेळा, कुठल्या मुक्कामात जिना चढावा लागत नाही, साखर असणाऱ्याने धारवाडचा पेढा खायचाच असेल तर किती खावा इथपर्यंत. हे काम आहे, त्याला अभ्यास लागतो आणि त्याचे पैसे मिळायला हवेत. तुमच्याकडे आणखीही माणसं येतात. कुणाला पक्षी बघायचे आहेत, कुणाला शिलालेख वाचायचे आहेत, कुणाला जुन्या विहिरी, आणि तुम्ही प्रत्येकासाठी नव्याने वाचत बसता, हे मला माहीत आहे. तुमची तब्येत सांभाळा.

आता कामाचं. मिरजेच्या पुढच्या उरुसाची तारीख कळली की बाबांना आधी कळवा. रात्रभर बसायची त्यांची तयारी आहे, फक्त टेकायला भिंत मिळेल असं बघा. आईला इरकलला जायचं आहे, माग बघायला. तिचं पत्र स्वतंत्र येतं आहे. त्यात तिने केलेला गवंतीचा रुमाल आहे. दोन्ही बाजू तपासून पाहा, गाठ नाही म्हणते.

तुमची,
एका श्रोत्याची मुलगी