खारींना हरवायचं असेल तर आधी मोजायची टेप काढ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या तुझ्या नव्या घरामागचा फोटो पाहिला. मेपलच्या फांदीला पक्ष्यांना दाणे घालायचा फीडर, त्याला उलटी लटकून सूर्यफुलाच्या बिया ओरपणारी खार, आणि खाली तुझा प्रश्न, 'पक्षी कुठे आहेत?' अरे, फांदीला टांगलास म्हणजे खारीच्या दारातच पान वाढलंस. 'स्क्विरलप्रूफ', म्हणजे खारींना दाद न देणारा, असं लिहिलेला दुसरा फीडर आणायची घाई करू नकोस. फीडर कुठला हा प्रश्न नंतरचा, तो कुठे आणि कशावर आहे हा पहिला.

पाठीवर रामाची बोटं उमटलेली आपली शंभरेक ग्रॅमची खार विसर. इथली करडी खार अर्धा किलोची. जमिनीवरून सरळ वर चार फूट आणि आडवी आठ-दहा फूट सहज उडी मारते. उंचावरून खाली झेपावते तेव्हा तर अजून लांब जाते. थंडीत झोपूनही राहत नाही. म्हणून फीडर झाडाला नको, खांबावर हवा. टेप घेऊन मागे जा आणि खांबासाठी अशी जागा शोध की झाड, कुंपण, डेकचा कठडा, छपराची कड यातलं काहीही दहा फुटांच्या आत येणार नाही. बारा मिळाले तर उत्तम. वर फांदीही नको. ग्रिल, खुर्ची, कचऱ्याचा डबा हेही मोज, कारण तिला चढायला तेवढं पुरतं. काचेवर पक्षी आपटू नयेत म्हणून फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत किंवा तीस फुटांच्या पलीकडे ठेवतात. खारींमुळे तुला पहिला पर्याय नाही, भिंतीवरून ती सरळ फीडरवर येईल.

खांबासाठी वायरिंगचा एक इंची ईएमटी (धातूचा) पाईप घे, दहा फुटी. बाजारातले बारीक हुकवाले खांब भरलेल्या फीडरच्या वजनाने वाकतात. खणण्याआधी 811 ला फोन कर, गॅस-विजेच्या लाइनी ते फुकट आखून देतात. दोन फूट खोल खड्डा, पाईप ओळंब्यात, आणि झटपट घट्ट होणाऱ्या काँक्रीटची 50 पौंडी गोणी. वर आठ फूट उरतात. फीडरचं बूड जमिनीपासून साडेपाच फुटांच्या खाली येऊ देऊ नकोस.

आता बॅफल, म्हणजे खांबावरून चढणाऱ्या खारीला अडवणारा पत्र्याचा अडसर. खरं काम तोच करतो. आठ इंच व्यासाचा, 24 इंच लांबीचा गॅल्व्हनाइज्ड डक्ट पाईप आणि त्याच मापाचं टोपण आण. रात्री रकून (इथला मांजरापेक्षा थोराड, चढण्यात पटाईत प्राणी) येत असेल तर लांबी 30 इंच. टोपणाच्या बरोबर मध्ये सव्वा इंचाचं भोक पाड, कड कानसून घे, आणि टोपण पाईपला चार छोट्या स्क्रूंनी पक्कं कर. खांबावर पाच फुटांच्या उंचीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन-तीन वेढे गुंडाळ आणि तिच्यावर होज क्लॅम्प (नळी आवळायची स्क्रूची धातूपट्टी) आवळ. रबर नसेल तर क्लॅम्प गुळगुळीत पाईपवरून घसरतो, शिवाय क्लॅम्पची नुसती पट्टी इतकी पातळ असते की टोपणाचं भोक तिच्यावरून खाली उतरू पाहतं. मग बॅफल वरून खांबात ओव आणि क्लॅम्पवर टेकू दे. फीडर टांगायचा आडवा दांडा आणि फीडर त्यानंतर. बॅफल हलता राहिला पाहिजे, कुठेही घट्ट बांधू नकोस. खार खांबावरून चढत थेट पाईपच्या पोटात शिरते, वर बंद टोपण लागतं, आणि मुकाट्याने उतरते. बाहेरून चढू म्हणाली तर पत्र्याला नख लागत नाही आणि एवढा जाड पाईप तिच्या कवेत मावत नाही.

खांबाला ग्रीस किंवा व्हॅसलिन फासायचा सल्ला कोणीतरी देईलच. फासू नकोस. ते पिसांना लागलं तर पक्ष्याला साफ करता येत नाही, आणि ओशट पिसं थंडी अडवत नाहीत. दोन झाडांमध्ये तार बांधून तिला फीडर टांगण्यापेक्षा आणि खार घसरावी म्हणून तीत बाटल्या ओवण्यापेक्षाही खांबच बरा. बर्फाकडे मात्र लक्ष ठेव. दीड फूट बर्फ साचून घट्ट झाला की तुझे पाच फूट साडेतीन होतात आणि खार आरामात बॅफलच्या वर उडी मारते. खांबाभोवतीचा बर्फ उपसावाच लागतो.

दाण्यांचं म्हणशील तर मक्याला आणि शेंगदाण्याला खारी जीव टाकतात. त्याऐवजी करडई भर. हो, आपलीच करडई, इथे सॅफ्लॉवर म्हणून पोत्याने मिळते. कार्डिनल पक्षी ती आवडीने खातो, खारी बहुधा तोंड फिरवतात. 'नायजर' म्हणून जे महागडं काळं बी विकतात ते आपलं कारळं! भारतातूनही येतं, रुजू नये म्हणून भाजलेलं. गोल्डफिंच पक्षी त्यावर तुटून पडतात, पण त्याला बारीक चिरांचा वेगळा फीडर लागतो. तिखट लावलेले दाणेही मिळतात. सस्तन प्राण्याला मिरची झोंबते, पक्ष्याला ती जाणवतच नाही. घरचं तिखट मात्र दाण्यांत कालवू नकोस, वाऱ्याने उडून तुझ्याच डोळ्यांत जाईल.

खारीच्या वजनाने दाण्यांच्या खिडक्या मिटणारे फीडर चांगले असतात, फक्त स्प्रिंग नीट लाव. कार्डिनल 45 ग्रॅमच्या आसपास, खार पाचशेची, तेव्हा मध्ये भरपूर वाव आहे. फार हलकी लावलीस तर दोन कार्डिनल एकदम बसले की खिडकी मिटते. आणि खार खांबावर पाय रोवून नुसते हात पुढे करू शकली तर तिचं वजन स्प्रिंगवर पडतच नाही, म्हणून हा फीडरही बॅफलच्या वरच हवा.

सांडलेले दाणे दोन-तीन दिवसांनी झाडून काढ, नाहीतर खारी जातील आणि उंदीर येतील. दोन आठवड्यांनी एकदा फीडर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाण्यात धू, आणि पूर्ण वाळल्याशिवाय भरू नकोस.

मेपलपासून डेकपर्यंत अंतर किती आहे ते मोजून कळव. वीस फुटांच्या आत असेल तर मधोमध खांब बसणार नाही, पुढच्या अंगणाचा विचार करू. वहिनींना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुझा,
मिलिंद