इंजिन बसवलं, ब्रेकचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जिप्सीत डिझेल इंजिन बसवण्यावरचा लेख वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. अख्खं पान दिलंय. इंजिन गिअरबॉक्सला जोडणारी ॲडॅप्टर प्लेट कशी कापायची, माउंटिंग कुठे वेल्ड करायचं, क्लच कसा जुळवायचा, सगळं आहे. लेखकाचा हात बसलेला आहे, हे मान्य. पण ब्रेकबद्दल एक ओळ नाही. एकही नाही!

माझ्या पुतण्याने तीन वर्षांपूर्वी हेच केलं. जिप्सी १९९४ ची, पेट्रोलवरची. भंगारातून झेन डिझेलचं १५२७ सीसीचं इंजिन आणलं, प्लेट उद्यमनगरात लेथवर करून घेतली. मी ती नंतर हातात घेऊन पाहिली, कामात खोट काढायला जागा नव्हती. सल्ला देणारे चार मित्र, चौघेही गाड्यांचे वेडे आणि जिवाला जीव देणारे. इंजिन सुरू झालं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. ब्रेकचं पेडल कडक लागतंय असं तो म्हणाला, तर मित्र म्हणाले, ‘डिझेल गाडी आहे, होईल सवय.’

सवय होण्यातली ती गोष्टच नव्हती. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप मिटली की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम तयार होतो आणि त्यावर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, चालतो. या डिझेलला ती झडपच नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. इथे पंपाच्या जागी पत्र्याचं झाकण होतं आणि बूस्टरच्या नळीत बोल्ट ठोकलेला होता. शहरात चाळीसच्या वेगाला पायाच्या जोरावर गाडी थांबायची. आंबा घाटात साखरप्याकडे उतरताना ती थांबली नाही. ‘काका, मी दोन्ही पाय देऊन पेडलवर उभा होतो,’ हे त्याने मला दवाखान्यात सांगितलं. गाडी डोंगराच्या अंगाला घासली म्हणून तिघं वाचली. शेजारी बसलेल्या मित्राचं खांद्याचं हाड मोडलं. त्याचा तो हात अजून डोक्याच्या वर जात नाही.

विम्याचा माणूस आला, बोनेट उघडलं आणि पाच मिनिटांत परत गेला. आरसीवर पेट्रोल आणि जुना इंजिन नंबर, आत डिझेल. तुमच्या लेखात शेवटी लिहिलंय, ‘नंतर आरटीओत नोंद करून घ्यावी.’ नंतर नाही हो, आधी! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी आधी घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीपासून विनापरवाना बदल केला तर मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे वाचकाला कळायला नको?

घरी काम करण्याला माझा विरोध नाही. मी ३० वर्षं गॅरेज चालवलं. पोरांनी हात काळे करावेत, ऑइल बदलावं, प्लग काढून बघावेत, याचा मला आनंदच आहे. पण इंजिन बदललं की मागून बरंच काही बदलावं लागतं. जड इंजिनाने पुढच्या स्प्रिंगचे पाटे बसतात, टाकीपर्यंत डिझेलची परतीची नळी न्यावी लागते, बॅटरी मोठी लागते. असा लेख छापण्याआधी एखाद्या जुन्या फिटरला नुसता वाचायला दिला असतात, तरी त्याने पहिला प्रश्न ब्रेकचाच विचारला असता.

आणि तो फोटो! गाडी नुसत्या जॅकवर आणि खाली मुलगा झोपलेला. स्टँड नाही, लाकडी ठोकळा नाही, मागच्या चाकाला साधा दगडही लावलेला नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील गेलं तर गाडी सांगून खाली येत नाही. असा फोटो निवडताना कुणाच्याच मनात काही आलं नाही का?

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत व्हॅक्यूम पंपाचं आणि परवानगीचं छापा. तुमचा लेख कापून कुणीतरी एव्हाना भिंतीला चिकटवला असेल.

आपला,
एक जुना गॅरेजवाला, कोल्हापूर