पायाची नाडी कोणी बघायची?

मा. संपादक, स.न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला हृदयविकारावरचा लेख वाचला. छातीतली कळ, घाम, डावा हात, सगळे आले. पायांबद्दल मात्र एक ओळ नाही. म्हणून लिहिते आहे.

आमच्या आण्णांच्या पोटऱ्या दोन वर्षे भरून यायच्या. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढताना ते पेढ्यांच्या दुकानासमोर थांबायचे. त्यांना मधुमेह. मला वाटायचे, जीव पेढ्यांत अडकलाय. एकदा चारचौघांत बोलले मी त्यांना. ते गप्प उभे राहिले आणि दोन मिनिटांनी चालू लागले. चालले की कळ, थांबले की गायब! तीन दवाखाने झाले, 'नस दबलीय' म्हणून कमरेला पट्टा आला. नडगीवरचे केस गेलेले, पाऊल गार. पण पावलावरची नाडी एकानेही चाचपली नाही. हृदयविकाराचा झटका आला तेव्हा कळले, दोन्ही पायांच्या धमन्या अरुंद झाल्यात. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, एवढाच हिशोब. ०.९ किंवा खाली आला की दोष धरतात. आण्णांचा ०.६ होता.

रक्तवाहिनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, म्हणून गरजेला वाहिनी सैलावते. १९९८ चे नोबेल याच शोधाला आहे. तंबाखू आणि वाढलेली साखर हे अस्तर बिघडवतात, आणि ते काही पायापुरते बिघडत नाही, हृदयातही बिघडते. अशा रुग्णाला पाय जाण्यापेक्षा झटक्याचा आणि पक्षाघाताचाच धोका जास्त. हे आम्हाला आधी कोणी सांगायचे?

आता डॉक्टरच सांगतात: दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. थांबायचे कुठे? फुटपाथवर दुचाक्या, बसायला एक बाक नाही. हिल मॅरेथॉनला आपण पानभर जागा देता, जरूर द्या. चार पावलांवर थांबणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीही चार ओळी लिहा.

पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे नाडी कुठे लागते, त्याचे चित्र पुढच्या पुरवणीत छापा. आणि कृपा करून त्या पानावर सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात घेऊ नका. काल होती. तसल्या तेलाच्या सहा बाटल्या आण्णांच्या पोटऱ्यांवर मी स्वतः चोळल्या आहेत.

– एक वाचक, सातारा