दुखतंय गुडघ्यात, मोडलाय खुबा

संपादक महोदय,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला खुबेदुखीवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळा लागला नाही. शेक घ्या, तेल लावा, आठवडाभर बघा. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल एक ओळ नाही हो त्यात!

माझी आई ७४ वर्षांची. मागच्या श्रावणात बाथरूममध्ये पाय घसरून पडली. उठली, भिंत धरत स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून सगळ्यांचा चहासुद्धा केला. चालतेय म्हणजे मोडलेलं नाही, असंच आम्ही धरून चाललो. कुठं दुखतंय विचारलं की गुडघ्यावर हात ठेवायची, कधी जांघेत दाखवायची. मग मी रोज रात्री तिच्या गुडघ्याला तेल चोळत बसायचे, असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी पलंगावरून उतरताना ती किंचाळली आणि पुन्हा उभीच राहिली नाही, बघितलं तर उजवा पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळून पडलंय. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडून आधी नुसतं एकमेकांत रुतून बसलं असणार म्हणून चालता आलं, तेव्हाच आणलं असतं तर बहुतेक स्क्रूवर भागलं असतं. आता ते सरकलं होतं, अर्धा सांधा बदलावा लागला.

खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, दोन्हीकडे जाणाऱ्या नसा त्याच, हे मला त्या नऊ दिवसांत कुणीतरी सांगायला हवं होतं. वयस्कर माणूस पडलं आणि जांघ दुखायला लागली तर चालत असलं तरी त्याच दिवशी एक्स-रे काढा, त्यात काही दिसलं नाही आणि दुखणं तसंच राहिलं तर एमआरआय करा, एवढं तरी छापायचं. स्टेरॉइड घेतलेल्या किंवा खूप दारू पिणाऱ्या तरुण माणसाचा खुबा रक्तपुरवठा तुटून आतून खराब होऊ शकतो, त्याचाही सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो. आणि लहान मूल तापात लंगडायला लागलं, पाय टेकवेना, तर सकाळची वाट बघायची नाही, सांध्यात पू झालेला असू शकतो.

लेखाच्या खालीच सांधेदुखीच्या तेलाची केवढी मोठी जाहिरात होती, तीही तुम्ही बघून छापायला हवी होती.

आई आता वॉकरवर चालते. देवापुढे मांडी घालून जप करायची, ते बंद झालं. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा, आणि मोठ्या टायपात छापा, तुमचा पेपर ती रोज वाचते.

आपली एक वाचक,
सातारा