5100 आला म्हणून प्रिंटर टाकू नकोस

प्रिय दिल्या,

तुझा मेसेज वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय, फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तरच लिहितो. तुझ्या प्रिंटरवर आलेला 5100 हा एरर कोड बघून दुकानवाल्याने कव्हरही न उघडता "बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) गेलाय, नवाच घ्या" सांगितलं हे मला अजिबात पटलेलं नाही. कोणता पार्ट गेलाय हे कोड सांगत नाही रे, मशीनला जे व्हायला हवं होतं ते झालं नाही एवढंच सांगतो. तुझ्या मॉडेलला 5100 म्हणजे कॅरेज, म्हणजे कार्ट्रिज घेऊन डावीउजवीकडे पळतं ते, हवं तिथे पोचलं नाही.

आता कॅरेज कुठे आहे हे मशीनला कळतं कसं, तर बेल्टजवळ एक पारदर्शक पट्टी ताणून बसवलेली असते, एन्कोडर स्ट्रिप म्हणतात. तिच्यावर अगदी बारीक उभ्या रेघा असतात, टॉर्च तिरका धरलास तरच दिसतील, आणि कॅरेजमधला सेन्सर त्या मोजत जातो. पट्टीवर शाईचे बारीक तुषार बसले किंवा कॅरेज ज्यावर सरकतं त्या रॉडचं ग्रीस लागलं की मोजणी चुकते, कॅरेज धाडकन कडेला आपटतं आणि मशीन थांबतं. बोर्डचा संबंध असेलच असं नाही!

आधी प्लग काढ, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. मग आत टॉर्च मारून नीट बघ, कागदाचा कपटा, स्टेपलरची पिन, पोरांची पेन्सिल काहीही निघतं. कॅरेज हाताने हळू सरकव, मध्येच अडलं तर जोर लावू नकोस, अडतंय तिथेच काहीतरी आहे. मग चष्म्याचं कापड पाण्यात जेमतेम ओलं कर आणि पट्टी हलक्या हाताने पूस. ओढू नकोस, हुकातून सुटली तर परत बसवताना जीव जातो. आणि थिनर, पेट्रोल असलं काही लावू नकोस, रेघाच पुसल्या गेल्या तर पट्टी गेली समज.

बाकीचे कोडही सांगून ठेवतो. 6000 आला तर कागद पुढे ओढणाऱ्या भागाकडे बघ. तुमच्याकडे सावंतवाडीला पावसात कागद सादळतो, उघडा ट्रेमध्ये ठेवूच नकोस. B200 मात्र हेडचा, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाचा; हेड थंड होऊ देऊन, त्याचे धातूचे काँटॅक्ट पुसूनही कोड परत आला तर बहुतेक हेडच बदलावं लागतं, तिथे खर्चाचा विचार कर.

5B00 या कोडचं मुद्दाम सांगतो कारण त्यात लोक फार फसतात. हेड साफ करताना जी शाई फुकट जाते ती खालच्या फेल्टच्या पॅडमध्ये मुरते. पॅड खरंच किती भिजलंय ते मशीन बघत नाही, नुसता हिशोब ठेवतं, आकडा भरला की बंद. मग काही जण सॉफ्टवेअरने आकडा शून्य करून देतात आणि पॅड तसंच ठेवतात, पुढे शाई टेबलावर येते. रिसेट करायचाच तर पॅड बदलूनच करून घे. आणि प्रिंट जरा फिकी आली की लगेच डीप क्लीनिंग मारायची तुझी सवय सोड बाबा, त्यानेच पॅड लवकर भरतं.

पट्टी पुसून झाली की प्लग लावून चालू करतानाचा व्हिडिओ पाठव, आवाजासकट. कॅरेज कुठल्या कडेला आपटतंय ते कळलं तर पुढचं सांगता येईल. तोवर नव्याचे पैसे देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या